साडेनऊचा आकडा

शनिवार, ९ जानेवारी १९५४

जिंकलो! ६८–६३. आणि माझा सख्खा भाऊ घरी येऊन कोळशाची बादली लाथेनं उडवतो!

“अरे, जिंकलो ना आपण?” मी विचारलं.

“जिंकलो गं ताई, पण कितीनं? पाचनं! पाचनं जिंकणं म्हणजे काय जिंकणं झालं?”

कोळसे गोळा करायला मीच वाकले. लाइलला बोलून काही उपयोग नसतो. माझा नवरा घरात आला तसा हा मुकाट्यानं जिना चढून गेला. एमरी कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कोच, पण त्याला मात्र कशाचा पत्ता नाही. कोट खुंटीला, हात पुसले आणि पाहुण्यांच्या पानात बटाटे वाढायला लागला.

पाहुणे म्हणजे पर्व्हिस नवरा-बायको. सत्तर मैल गाडी हाकत आले बर्फातून. बिटाच्या लोणच्याची बरणी आणली. त्यांचा पोरगा एरवी बाकावरच बसलेला असतो, आज शेवटची चार मिनिटं खेळला. एक बास्केटही केली! पर्व्हिसबाई पुडिंग खाताना तीच बास्केट दोनदा सांगत होत्या. पर्सिमनच्या फळांचं पुडिंग जरा कच्चं राहिलं होतं. त्यांना कळलंसुद्धा नाही.

सोमवार, ११ जानेवारी

आज लाइलला धरून बसवलं. म्हटलं, बादलीचा खुलासा कर.

त्यानं माझा बटणांचा डबा टेबलावर ओतला. “हे आपण, हे शनिवारचे हॅरोडवाले. आपण भारी, ते हलके. मग हॅरोडवर पैसे कोण लावणार? कुत्रंसुद्धा नाही. म्हणून डेलबर्ट त्यांना नऊ गुण आधीच देऊन टाकतो.” नऊ बटणं सरकवली पलीकडे. “खेळ सुरू व्हायच्या आधीच आपण नऊनं मागे, असं धरायचं. दहानं जिंकलो तर आपल्यावर लावणारे जिंकले. पाचनं जिंकलो तर बुडाले.”

“म्हणजे संघ जिंकला आणि तू हरलास?”

“आत्ता कसं! ताई, तुझं डोकं म्हणजे ना, उशिरा तापतं, पण तापतं!”

“आणि बरोबर नऊनंच जिंकलो तर?”

“तर ज्याचे पैसे त्याला परत. ते डेलबर्टला परवडत नाही, म्हणून बरेचदा अर्धा चिकटवतो. साडेसात, साडेनऊ. अर्धा गुण कोणी करू शकत नाही, म्हणजे बरोबरी नाहीच.”

डेलबर्ट म्हणजे आमचा न्हावी. गावाला माहीत आहे तो काय करतो. ज्यानं पकडायचं त्या शेरीफचे केसही तोच कापतो.

मला वाटत होतं तो आकडा म्हणजे डेलबर्टचा अंदाज. लाइल हसला. “अंदाज नाही गं! त्याला फक्त गाव निम्मं निम्मं वाटायचंय. सगळे आपल्यावर तुटून पडले की तो आकडा वर नेतो, आठाचा साडेनऊ करतो, की काही जण पलीकडे वळतात. हरणारा अकरा डॉलर देतो, जिंकणाऱ्याला दहा मिळतात. मधला एक त्याचा. कोण जिंकतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.”

भांडी घासताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. हुशार माणूस आहे मेला.

शनिवार, १६ जानेवारी

बाहेरगावी खेळ. दहानं जिंकलो, आकडा सहाचा होता. लाइल शीळ घालत आला. आता मलाही कळतं बरं का!

शनिवार, २३ जानेवारी

तीननं जिंकलो. आकडा साडेसात.

पंधरानं पुढे होतो! पाच मिनिटं उरली आणि एमरीनं सगळी चांगली पोरं बसवली, बाकावरची उतरवली. ती बिचारी नुसती धावतात. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं— “कितीला विकलास, कोच?” लोक हसले. माझे कान गरम झाले. एमरीनं ऐकलं की नाही कोण जाणे. तो खेळाच्या वेळी तोफ डागली तरी ऐकत नाही.

लिंडलेबाई जेवायला होत्या. विधवा आहेत, बसनं आल्या. मी नीट बोललेसुद्धा नाही त्यांच्याशी.

मंगळवार, २६ जानेवारी

स्वयंपाकघरात बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर आहे. खेळाच्या दिवशी लाइल त्यावर पेन्सिलीनं आकडा लिहितो. आज मी वहीतले निकाल घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. डिसेंबरपासून सात खेळ. सातही जिंकलो. त्यातल्या चारांत आकड्याच्या आत जिंकलो. चारही वेळा आधी खूप पुढे होतो आणि शेवटी एमरीनं चांगली पोरं बसवली.

लोक म्हणतात, कोच सभ्य माणूस, हरणाऱ्याची लाज काढत नाही. मीही तेच म्हणायचे. लाइल म्हणतो, “सभ्य आहेत गं भाऊजी. पण सभ्यपणा चारच वेळा कसा सुचला?”

थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, कारण मलाही तेच विचारायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी मोठ्या शहरातली कॉलेजची पोरं पकडली गेली होती. तीही जिंकतच होती! फक्त पैसे घेऊन थोडं कमी जिंकायची. तेव्हा पेपर वाचताना एमरी म्हणाला होता, “कोणाचं तरी पोर असेल ते.” तेवढंच बोलला. मला तेव्हा ते दयेचं वाटलं होतं. आता कसलं वाटतंय, लिहवत नाही.

शनिवार, ६ फेब्रुवारी

चारनं जिंकलो. आकडा आठ. पाच झाले!

रेनोल्ट्सचे आईवडील आले होते. पुडिंग करपलं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

एमरीच्या डोक्यावर केस उरलेत मोजून पन्नास. ते कापायला आठवड्यातून दोनदा डेलबर्टकडे कशाला जावं लागतं?

आज मी त्याच्या दुकानासमोरच्या कापडाच्या दुकानात उभी राहिले. पाव तास एकच सुताचं रीळ हातात. आरशासमोर एमरी बसलाच नाही! थेट मागच्या फोनच्या खोक्यात शिरला, दार लावून घेतलं, नाणी टाकली. दोनदा बोलला. बाहेर आला तेव्हा हसत होता.

घरी फोन आहे की आपल्या! मग नाणी कशाला?

रात्री त्यानं विचारलं, तुला बरं नाही का? म्हटलं, डोकं दुखतंय. डीनच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल, घर कॉलेजचं आहे तेही जाईल. पण खरं सांगायचं तर मला घराचं भय नाही. हा माणूस मी अकरा वर्षं ओळखते असं मला वाटत होतं, ते जाईल.

रविवार, १४ फेब्रुवारी

चर्चमधून आलो. हातमोजेही काढले नव्हते. विचारलंच.

“एमरी, आकडा तुला आधी माहीत असतो का रे?”

“कुठला आकडा?”

त्याच्या तोंडाकडे बघितलं. अकरा वर्षांत या माणसाला माझ्यापासून साधं वाढदिवसाचं गुपितही लपवता आलेलं नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं! डेलबर्ट पैसे घेतो हे माहीत होतं, पण त्याला वाटत होतं लोक कोण जिंकेल यावर लावतात.

मी बटणांचा डबा आणला. लाइलनं मला शिकवलं तसंच सगळं शिकवलं. नऊ बटणं सरकवली. कॅलेंडर दाखवलं. लोक काय ओरडतात तेही सांगितलं. तो ऐकत राहिला. बराच वेळ एकच बटण बोटानं फिरवत होता.

“आणि फोन?” मी म्हटलं.

“आपल्या फोनची लाइन आठ घरांत सामायिक आहे, आर्डिथ, कोणीही उचलून ऐकतं. घरून बोललो तर बटाटे उकडायच्या आत गावभर.” मग म्हणाला, “समोरचा संघ कच्चा असला की बाकावरच्या एकेका पोराच्या घरी कळवतो. या शनिवारी या, पोरगा खेळेल. आधी फुटलं तर मुख्य पोरं रुसतात. प्रत्येकाच्या आईनं एकदा तरी बघावं त्याला खेळताना. एवढंच.”

पर्व्हिस. लिंडलेबाई. रेनोल्ट्स. मीच त्यांना जेवायला घातलं, मीच या वहीत लिहून ठेवलं! कॅलेंडरवरचे आकडे वाचले आणि स्वतःच्या टेबलावरची माणसं मला दिसली नाहीत. रडले. मग हसले. त्यानं माझे हातमोजे काढले, एकेक बोट ओढून.

“तुला खरंच वाटलं?” त्यानं एकदाच विचारलं.

“हो,” म्हटलं. खोटं कसं बोलू?

गुरुवार, १८ फेब्रुवारी

किती हलकं वाटतंय! लाइलला सुनावलं चांगलं. तो मान खाली घालून म्हणाला, “ताई, मी मानतो गं. पण डेलबर्टच्या दुकानातले मानणार आहेत का?”

शनिवारी घरच्या मैदानावरचा शेवटचा खेळ. वेंडल हॉस्टेटलर चौथ्या वर्षाला आहे आणि चार वर्षांत त्याच्या आईनं एकही खेळ पाहिलेला नाही. गाई सोडून निघणार कसं? या वेळी शेजारी दूध काढणार आहे. एमरीनं फोन महिन्याच्या सुरुवातीलाच केला होता.

आठाचा आकडा साडेनऊवर गेला म्हणे. पर्सिमनचा शेवटचा डबा उघडला.

शनिवार, २० फेब्रुवारी

बारानं जिंकलो.

चार मिनिटं उरली तेव्हा तेरानं पुढे होतो. वेंडलनं जाकिटाची बटणं काढून ठेवली होती. त्याची आई माझ्या शेजारी. पर्स मांडीवर, हात पर्सवर, पाठ बाकाला टेकलेली नाही. एमरी उठला. वेंडलकडे बघितलं. मग मान वळवून मागच्या रांगेकडे बघितलं, डेलबर्टचं सगळं दुकान जिथे बसतं तिकडे. मग गुणांच्या फळ्याकडे. त्याचे ओठ हलताना मला दिसले. तेरातून साडेनऊ.

बसला.

दोन मिनिटं उरली, अकरानं पुढे. मी मनात म्हणत होते, उतरव रे, उतरव त्याला, बोलू देत लोकांना! अर्धं मिनिट उरलं तेव्हा वेंडलनं जाकिटाची बटणं परत लावली, खालून वर, एकेक.

मागची रांग उभी राहून टाळ्या वाजवत होती. “शाब्बास, कोच!” लाइलनं एमरीला मिठी मारली. डीननं हात मिळवला.

हॉस्टेटलरबाईंनी दोनदा पुडिंग घेतलं. वेंडल ताटाकडे बघून जेवत होता. त्या म्हणाल्या, “खेळाच्या आधी पोरं उड्या मारतात ना, तेव्हा आमचा वेंडल सगळ्यात उंच उडाला, हो की नाही?” एमरी उठून कोळसा आणायला गेला. बादली भरलेलीच होती.

हे माझं पाप आहे. डेलबर्टचं नाही, लाइलचं नाही. माझं.

सोमवार, २२ फेब्रुवारी

सकाळी अंडी होईपर्यंत एमरी कॅलेंडरसमोर उभा होता. शेवटचा खेळ या शनिवारी, बाहेरगावी. लाइलची पेन्सिल कॅलेंडरच्या दोरीतून काढली, शनिवारच्या चौकोनावर टेकवली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “आकडा किती आलाय?”