ज्याची पाटी त्यानेच काढायची

पासिला, हेलसिंकी
रविवार, ११ फेब्रुवारी १९७९

प्रिय आउनेताईस,

तू, उर्होदाजी आणि आई बरे असाल असे धरून चालतो. मीही बरा आहे. आईचे गुडघे या थंडीत धरत असतील. गोठ्याची पायरी उतरताना तिने कठडा धरावा, पायरीवर राख टाकून ठेवावी. इथे आठवडाभर पारा उणे वीसच्या वर चढलेला नाही.

शुक्रवारी तू घरमालकीण एल्माबाईंकडे फोनवर ठेवलेला निरोप मिळाला. "स्टेशनवर उभं राहून पाय गोठले, आता काय ते पत्रात लिही म्हणावं." एल्माबाईंनी तो इतका ठसक्यात सांगितला की तूच दारात उभी आहेस असे वाटले. तू रागावणे बरोबर आहे. मीच "येतोय" म्हणून कळवले आणि मीच आलो नाही. त्या दिवशी मला रीहिमॅकीहून परत फिरावे लागले. कामाचे निघाले.

आईने मागच्या पत्रात विचारले होते की मी काम करतो त्या इल्मालाच्या रेल्वे यार्डात शेजारपाजार कसा आहे. तिला सांग, इल्मालात शेजारी नाहीत, कारण तिथे कोणी राहतच नाही. रूळ, शेड, गोदामे, विजेचे खांब आणि आम्ही. संध्याकाळी पाळी संपली की माणसे पासिलाकडे किंवा बसकडे जातात. दुकान नाही, चर्च नाही, लहान मूल तर मी तिथे पाहिलेलेच नाही. कुत्रे फिरवायलाही कोणी येत नाही. तरी देशभरच्या गाड्या तिथे येऊन धुतल्या जातात, दुरुस्त होतात आणि पुन्हा निघतात. तुमच्याकडे सकाळी येते ती गाडी बहुधा माझ्या हाताखालून गेलेली असते.

हिवाळ्यात माझे काम बर्फ काढण्याचे. उत्तरेकडून आलेल्या डब्यांच्या पोटाला माणसाएवढे बर्फ लटकलेले असते. गाडी शेडमध्ये घेतात, खालून गरम हवा सोडतात, आणि आम्ही रुळांमधल्या खड्ड्यात उतरून लाकडी मोगरीने उरलेले बर्फ पाडतो. वरून सतत पाणी गळते. अंगावर मेणकापडाचा कोट असतो, तरी मानेतून आत जाते.

खड्ड्यात उतरण्याआधी प्रत्येकाने आपली लोखंडी लाल पाटी गाडीच्या टोकाला टांगायची. पाटीवर आपले नाव ठोकलेले असते. ती असेपर्यंत गाडी तसूभर हलवायची नाही. आणि ज्याची पाटी त्यानेच काढायची. मुकादमाने नाही, यार्डाच्या मोठ्या साहेबाने नाही. हान्नेस नावाच्या एकाचे पोट दुखून त्याला इस्पितळात नेले तेव्हा पाटी राहून गेली होती. म्हणे तो ऑपरेशन झाल्यावर टॅक्सीतून आला, खिडकीतून हात बाहेर काढून पाटी उचलली आणि परत गेला. हे खरे आहे का असे मी विचारले तर सिल्वीबाई म्हणाली, "टाके मोजायला मी गेले नव्हते." सिल्वीबाई आमच्यात सगळ्यात जुनी. तिच्यासमोर ड्रायव्हरसुद्धा टोपी काढतात.

ती म्हणते, आपल्या सावो भागाची माणसे घराला तीन चकरा मारल्याशिवाय दार वाजवत नाहीत. तूही आता तेच म्हणत असशील. तर वाजवतो.

मी सुट्टी घेऊन येत नव्हतो, ताई. पळून येत होतो.

मंगळवारी मी खड्ड्यात असताना बर्फाचा एक मोठा तुकडा एकदम सुटून शेजारी पडला. लागले काही नाही. पण आवाज असा झाला की मला वाटले गाडी हलली. त्याच वेळी बाजूच्या रुळावरची दुसरी गाडी खरोखरच निघाली होती, त्यामुळे चाके फिरताना दिसत होती आणि ती कोणत्या गाडीची हे मला कळेना. मी खाली बसून राहिलो. हात मोगरीवरून सुटेनात. त्यानंतर रोज खड्ड्यात उतरताना तीच भीती वाटायची. वर पाटी आहे हे माहीत असायचे, पण मनात यायचे, पाटी म्हणजे काय, एक लोखंडाचा तुकडा. घाई असली, थंडी असली, साहेब ओरडला, तर उचलील कोणीतरी. मी कोणाला बोललो नाही. दिवसातून दहा वेळा वर येऊन पाटी आहे ना ते बघायचो. बाकीचे हसायचे.

शुक्रवारी सकाळी कॉफीच्या सुट्टीला वर आलो तो खाली गेलोच नाही. कपाट रिकामे केले, खोलीवरून पिशवी घेतली, मोठ्या स्टेशनवरून तुला फोन केला आणि गाडीत बसलो. लाकूडगिरणीतली जागा उर्होदाजींनी माझ्यासाठी सोमवारपर्यंत धरून ठेवली आहे, हेच डोक्यात होते.

रीहिमॅकीला कंडक्टर डब्यात येऊन मोठ्याने म्हणाला, "इल्पो कार्वोनेन आहे का कोणी?" मला वाटले, आई गेली. मी उभा राहिलो.

तो म्हणाला, "तुझी पाटी टांगलेली आहे."

"कुठे?"

"मला काय विचारतोस? इल्मालाहून फोन आलाय. उतर."

डब्यात एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, "जा बाळा, पाटी आहे म्हणतायत ना." त्यांना पाटी कसली हे ठाऊक होते की नाही, देव जाणे.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात बोलणी पाठ करत होतो, त्यांची आणि माझीही. काहीच उपयोगी पडले नाही. शेडमध्ये गेलो तर गाडी तशीच उभी. ती दुपारी तुर्कूला जायची होती; तिच्याऐवजी दुसरी जोडावी लागली होती. खड्डा रिकामा होता हे सगळ्यांना माहीत होते. माझे उघडे कपाट त्यांनी पाहिले होते, एल्माबाईंनी फोनवर सांगितले होते की पोरगा पिशवी घेऊन गेला. सिल्वीबाईने स्वतः खड्ड्यात उतरून टोकापासून टोकापर्यंत कंदील फिरवला होता. तिथे कोणी नव्हते. तरीही माझ्या पाटीला कोणी हात लावला नव्हता.

सिल्वीबाई उलट्या बादलीवर बसली होती. म्हणाली, "आलास? आम्हाला वाटलं पाटी आम्हाला आहेर म्हणून ठेवून गेलास."

एकजण म्हणाला, "तुर्कूच्या लोकांना काय सांगायचं? सावोच्या जावयाची वाट बघतोय म्हणून?"

मुकादम लेम्पिनेन हातात कप घेऊन उभा होता. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही काढायची होती. मी खाली नव्हतो."

"ते तू सांगतोस," तो म्हणाला. "पाटी सांगत होती, आहेस."

मी पाटी काढली. गाडी शेडबाहेर निघाली. तो पुढे म्हणाला, "घरी जायचं तर जा, चिठ्ठी देतो. नाहीतर सोमवारी सात वाजता ये." आणि कॉफी संपवून गेला. शिवी नाही, चौकशी नाही.

आज दिवसभर मी यावरच विचार करतो आहे. पुढचे उद्या लिहीन. आत्ताच लिहिले तर तो नुसता आवेश होईल, आणि तुला आवेश ओळखता येतो.

सोमवार, संध्याकाळ

ताई, आज सात वाजता गेलो. पाटी टांगली आणि खड्ड्यात उतरलो. भीती गेलेली नव्हती, ती माझ्याबरोबरच खाली उतरली. पण बर्फ पडले तेव्हा मी वर बघायला गेलो नाही. मी खाली नाही हे पक्के ठाऊक असताना ज्यांनी ती उचलली नाही, ते मी खाली असताना उचलणार नाहीत. एवढे एकच मला कळायचे होते. ते मला कोणी सांगून पटले नसते. कॉफीच्या सुट्टीला वर आलो तेव्हा पाटी आधी काढली. सिल्वीबाईने बघितले आणि वेलदोड्याच्या पावाचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

म्हणून मी येत नाही. या आठवड्यातही नाही आणि वसंतातही नाही. दाजींना सांग, गिरणीतली जागा ज्याला हवी त्याला द्यावी, आणि माझ्या वतीने मालकांची माफी मागावी. दाजींनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. तो मी वाया घालवला हे मला कळते.

आणखी एक मला कळते, ते लिहायला सगळ्यात जड जात आहे. मी आलो असतो तर आईचे पाणी, लाकडे, दवाखाना हे अर्धे माझ्याकडे आले असते. आता ते सगळे तुझ्यावर राहते. मी इथे धीट होतो आहे आणि त्याचा भार तिथे तू उचलते आहेस. जुलैत गवत कापायला माझी पूर्ण रजा घेऊन येईन, हे पक्के, पण तेवढ्याने फिटत नाही हे मी जाणतो. तुला रागवायचे असेल तर रागव. पण येण्याचा आग्रह करू नकोस. तू आग्रह केलास तर मी कदाचित येईन, आणि मग आयुष्यभर प्रत्येक कामातून उठून पळत राहीन.

आईने माझ्यासाठी भाजून ठेवलेला मासे भरलेला कालाकुक्को पाव वाळायच्या आत कापा. दाजींना मासे नीट भाजलेले आवडतात.

हे पत्र आईला वाचून दाखवशील तेव्हा मधले काही गाळू नकोस. मी घाबरलो होतो, तेही वाच.

उद्या सातच्या पाळीवर असलेला,
तुझा भाऊ
इल्पो