नटाखालची तिसरी पट्टी

चिमणे,

मी कामावर निघालोय. दादाच्या गिटारला हात लावण्याआधी हे वाच.

गिटारच्या मानेवर तारा पकडणारा लॉकिंग नट तुला उंच वाटतो, म्हणून रविवारी त्याखालच्या तीन पितळी पट्ट्यांपैकी दोन काढून एकच ठेवली होती. मंगळवारी उघडला, तर तीन. तू हे केलेलं नाहीस. तुला साधा स्क्रू फिरवता येत नाही, हे मी प्रथमच कौतुकाने लिहितोय. आईला विचारलं, तर "त्याला तारा उंचच लागायच्या," म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

पुन्हा दोन काढल्या. नटाचे स्क्रू उघडणारी अ‍ॅलन की घरात एकच आहे. काल ती खिशात घालून कामावर गेलो, घराला कुलूप होतं. संध्याकाळी पट्ट्या तीन.

दादा गेल्यानंतर आज तू पहिल्यांदा स्टेजवर वाजवणार. मी आता नट खाली करणार नाही. बोटं दुखतील, जोर लाव. फक्त गिटार नेण्याआधी त्याच्या खोलीच्या दाराशी उभी राहा आणि "नेऊ का?" विचार, तो असताना विचारायचीस तसंच.

नाही म्हणाला, तर मला फोन कर.

बाबा