धाकट्याचा अल्बम आणि माझं बीपी

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी बीपी एकशे चाळीस. दुपारी कुरियरवाला आला. आता एकशे साठ.

डॉक्टरांनी या वहीत फक्त आकडा लिहायला सांगितलंय. पण आकड्यापुढची सगळी ओळ मोकळी पडते, ते मला बघवत नाही. म्हणून मी सांगते, सून लिहिते. मला अक्षर येत नाही. हिला येतं, पण हिला हसू आवरत नाही — आताही हसतेय. लिही मुकाट्यानं.

पाकिटात धाकट्याचा अल्बम. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी आलं. फोन येतो तो थोरल्याला. "आई बरी आहे ना?" एवढं विचारायचं, "बरी आहे" ऐकायचं आणि ठेवून द्यायचा. अल्बमबरोबर पंधरा तारखेच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं. चिठ्ठी नाही. आईला वाचता येत नाही, एवढं लक्षात आहे म्हणायचं.

कव्हरवर त्याचा फोटो, मांडीवर गिटार. टक्कल पडलंय. बापावर गेला.

४ फेब्रुवारी, बुधवार

ऐकला. तबकडी लावायला घरात यंत्र नाही, म्हणून सुनेनं फोनवर शोधला आणि त्या डबीएवढ्या स्पीकरवर लावला. नऊ तुकडे. एकातही शब्द नाही. म्हटलं चला, इथे तरी सगळे माझ्यासारखे निरक्षर.

या प्रकाराला स्मूद जॅझ म्हणतात. म्हणजे काय, विचारलं, तर सून म्हणाली, "गुळगुळीत." ते तर आहेच. एका कानातून शिरतं आणि दुसऱ्यातून चपला हातात घेऊन निघून जातं. मागे कोणीतरी हळूहळू फरशी झाडल्यासारखा ड्रम घासतंय. मी वाट बघत बसले, आता काही होईल, मग काही होईल. संपला.

वरच्या मजल्यावरची नर्स भांडं परत द्यायला आली होती. उभ्या उभ्या ऐकून म्हणाली, "छान आहे हो आजी. आमच्या दातांच्या डॉक्टरकडे असंच लावतात."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "तोंड उघडून बसायचं आणि बोलायचं काही नाही."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

वहीपासून काय लपवायचं. चौदा वर्षांपूर्वी एकदा घरात पाहुणे बसले होते आणि हा आतल्या खोलीत वाजवत होता. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "ही टिंगटिंग बंद कर, नाहीतर घर सोड." मला वाटलं, पहिलं करेल. त्यानं दुसरं केलं.

आता पंधरा तारखेला समोर उभा राहील आणि विचारेल, "आई, कसा वाटला?" विचारणारच. लहानपणी चित्रात साधी रेघ मारली तरी कागद नाचवत यायचा. "छान" म्हणावं तर माझं खोटं त्याला तिथल्या तिथे कळतं. "कळला नाही" म्हणावं तर हा आणखी चौदा वर्षं तोंड दाखवणार नाही. माझ्याकडे तेवढी शिल्लक नाहीत.

सुने, पेन का थांबलं? शिल्लक नाहीत. लिही.

७ फेब्रुवारी, शनिवार

दोनदा ऐकला. हाती काही नाही. एकशे पंचावन्न. थोरला म्हणतो, "आई, मीठ कमी कर." मिठाचा काय संबंध?

९ फेब्रुवारी, सोमवार

आज मी सुनेला रंगेहाथ पकडलं.

मी एकतीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात जुळणीला होते. मोठा छापील कागद घड्या घालून आला की त्याला म्हणायचं फर्मा. असे फर्मे एकावर एक लावले की पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते, आधीच्यापेक्षा जराशी खाली. सगळे नीट लागले की पुस्तकाच्या पाठीवर जिना उतरतो. पायरी चुकली की फर्मा चुकला. अक्षर लागतंय कशाला? मालक म्हणायचा, "शिकलेल्या बायका वाचत बसतात. हिला ती खोड नाही."

तर या नऊ तुकड्यांनाही मी माझ्या खुणा लावल्या होत्या. एक नळ गळतो तो. एकात कोणीतरी बशी जपून खाली ठेवतं. एक म्हणजे म्हातारा चष्मा शोधतोय. पहिल्या दिवशी नळ तिसरा होता. शनिवारी सातवा. आज सुरुवातीलाच गळायला लागला.

"अगं, फर्मे उलटेसुलटे लागलेत."

"आई, गाणी आहेत ती. कुठूनही ऐकली तरी चालतात."

"मग पुस्तकही कुठूनही वाच. खुनी आधी पकड, मग खून होऊ दे."

तिनं फोन उघडून बघितला आणि जीभ चावली. पत्ते पिसतात तशी गाणी पिसायचं एक बटण असतं म्हणे. ते पहिल्या दिवसापासून चालू. म्हणजे इतके दिवस मी पिसलेला अल्बम ऐकत होते आणि नावं पोराला ठेवत होते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

क्रमानं ऐकला. पहिला तुकडा मोकळा, खिडकी उघडल्यासारखा. दुसरा त्याहून जरा खालच्या आवाजात. तिसरा आणखी खाली. एकेक पायरी उतरत जातो. नववा इतका हळू, की सून आवाज वाढवायला उठली. मी तिचा हात धरला.

हे मी ऐकलंय. पूर्वी. भिंतीपलीकडून.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज काही सांगायचं नाही. खोलीत येरझारा घातल्या. आता त्याला काय सांगू, दाराला विचारलं, खिडकीला विचारलं. आकडा घ्यायचा राहिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शाळा सुरू व्हायच्या आधी तीन महिने कारखान्यात रात्रपाळी असायची. मी उजाडल्यावर घरी येऊन आडवी व्हायची. खोल्या दोन, मध्ये पातळ भिंत. त्यांचा बाप कामावर, थोरला शिकवणीला. धाकटा तेव्हा तेरा वर्षांचा, आणि कोणाची तरी जुनी गिटार मिळालेली. मी पलंगावरून ओरडायची, "गप्प बस रे!" मग तो तारांखाली फडकं खोचायचा आणि बोटाच्या गादीनं वाजवायचा, नख न लावता. वाजतंय की भास होतोय कळू नये, असं. नववा तुकडा तसाच आहे. फडक्यासकट.

सुनेनं एका मासिकातलं वाचून दाखवलं. "या वादकाचा हात विलक्षण मृदू आहे." विलक्षण कसला? तो हात मी दाबलाय. लोक टाळ्या वाजवतात, त्या माझ्या ओरडण्याला.

सांगण्यासारखं काहीतरी शोधत होते ना? हे घे. माफी मागायची. मागितली नाही कधी कोणाची, कशी मागतात तेही माहीत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कपडे तीनदा बदलून बघितले. थोरला म्हणाला, "आई, घाबरलीस की काय?"

"कोणाला? गिटारला?"

सून म्हणाली, "आई, काय बोलायचं ते कागदावर लिहून देऊ?"

"दे. आणि तिथे मला वाचून कोण दाखवणार?"

एकशे बासष्ट.

१५ फेब्रुवारी, रविवार

मी आणि सून गेलो. हॉल अर्धा भरला होता, तो रिकामा अर्धा मीच मोजत बसले. चौथ्या तुकड्याला शेजारच्या गृहस्थांची मान छातीवर आली. मी कोपर मारलं. "सॉरी," म्हणाले. म्हटलं, "मला नको, त्याला म्हणा."

संपल्यावर मागच्या खोलीत गेलो. तो वायरींची गुंडाळी करत होता. जवळून बघितलं तर कव्हरवरच्यापेक्षा बारीक.

"आलीस?"

"आले."

"कसा वाटला?"

चार दिवस पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. मी म्हटलं, "फर्मे बरोबर लागलेत." तो हसला. खरंखुरं हसला. तेवढ्यात सह्या घेणारे आत घुसले आणि आम्ही भिंतीला लागलो. निघताना म्हणाला, "उद्या येतो घरी."

माफी तशीच राहिली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आला. माझ्या हातातून चहाचं भांडं घेऊन स्वतःच गाळायला लागला. पाठ माझ्याकडे होती म्हणून बोलता आलं. म्हटलं, "तुझा हात मी दाबला रे. माझ्या झोपेपायी."

त्यानं मागे वळूनही बघितलं नाही. "तुझ्या ओरडण्याला कोण घाबरत होतं, आई? मी थांबलो की तुला जाग यायची. म्हणून मी थांबतच नव्हतो."

तेरा वर्षांचं पोर मला थोपटत होतं, आणि मी त्याला गप्प बस म्हणत होते.