आईच्या दोन संकष्ट्या

मुलुंड (पूर्व),
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. विद्याधर यास ताईचे आशीर्वाद. सध्या आमच्याकडे हाच एक जिन्नस मोजून द्यावा लागत नाही, म्हणून अनुपमालाही पोटभर पाठवते आहे.

कागदावरचं पत्र बघून दचकला असशील. कोणी गेलेलं नाही. पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोलायचं तर आई सगळीकडे असते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तू अंगठा पाठवतोस. अंगठ्याला पुढे काय विचारायचं ते मला अजून कळलेलं नाही.

इकडे ठीक. तुझ्या भाऊजींची कंपनी उन्हाळ्यात भिवंडीला हलली. यंत्रं हलली, माणसं हलली, पगार मात्र वाटेत कुठेतरी सांडला. मालक म्हणतात, सहा महिने कळ काढा. काढतो आहोत. गंधाली बारावीला आहे. क्लासहून येते ती भिंत चावून खाईल अशी भूक घेऊनच.

आणि मी संशोधक झाले आहे. तुरीची डाळ मी आता नावापुरती घालते. मूठभर डाळ, त्यात किसलेला दुधी. शिजवून घोटला की एकजीव होतो, आणि वर हिंग-मिरचीची फोडणी अशी द्यायची की खाणाऱ्याला ठसका लागून डाळ शोधायची शुद्ध राहू नये. दुधीच्या सालांची चटणी, फ्लॉवरच्या दांड्यांची भाजी, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, शिळ्या पोळीचा कुस्करा. कुकरमध्ये तीन भांडी एकावर एक, म्हणजे गॅस एकदाच पेटतो. भाजी दुपारी घ्यायची. तेव्हा भाजीवाला जेवायला जातो आणि गाडीवर त्याची बायको असते. ती सुकलेल्या मालाचे वाटे वेगळे लावते.

यात एक घोळ मात्र मीच घातला. आमच्या सेक्रेटरींची बायको वसुधा एकदा दारात आली आणि तिने माझ्या ताटलीत सालं बघितली. मी काय सांगणार? म्हटलं, "अहो, सगळी जीवनसत्त्वं सालांतच असतात. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच खातात." झालं. आठवड्यात सगळी बी विंग सालं खायला लागली. भाजीवाली मला मुळ्याचा पाला फुकट द्यायची, आता जुड्या बांधून विकते. वर मलाच सांगते, "घ्या ना ताई, पौष्टिक असतो." माझी वाट लागली, आणि ती मीच लावली.

आईचं लिहायला बसले होते आणि दोन पानं भाजीतच गेली. आता तिच्याकडे येते.

आई उपास करते. ते तुला माहीत आहे, पूर्वीपासून एकादशी आणि संकष्टी होतीच. जूनमध्ये तिने सोमवार धरला. मग गुरुवार. श्रावणात शनिवार आला. श्रावण संपला, शनिवार गेला नाही. तू म्हणशील, उपासाला साबुदाणा आणि दाणे लागतात, जेवणापेक्षा तेच महाग. हे आईला तुझ्यामाझ्याआधी कळलेलं होतं. ती म्हणाली, "हल्ली साबुदाणा बाधतो गं मला. कपभर ताक दे, पुरे."

त्याआधी तिचे मासे सुटले. दर बुधवारी कृष्णाबाई टोपली घेऊन मजल्यावर येते. आई म्हणाली, तिला नको म्हणून सांग, मला आता वास सोसवत नाही. विद्या, ही तीच आई, जी आपल्या लहानपणी तळलेल्या बोंबलांतले दोन बाबांपासून लपवून ठेवायची. मी कृष्णाबाईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाय, तुज्या आयला वास नाय लागत, तुजा खर्च लागतो." मी दार लावून घेतलं. तोंडाळ माणसं मला चालत नाहीत. घरात एक आहे तेवढी पुरे.

आता जे लिहायचं आहे ते सरळ लिहिते. ऑक्टोबरातली संकष्टी दिवाळीच्या आधीच झाली होती. दिवाळी झाली, महिना संपायला आला, आणि एका सकाळी आई म्हणाली, "माझी पोळी धरू नकोस, आज संकष्टी आहे."

संकष्टी महिन्यातून एकदा येते. मी काही फार देवभोळी नाही, पण एवढं मलाही कळतं. ओट्याशेजारीच कॅलेंडर टांगलेलं आहे. मी त्याच्याकडे बघितलं. मी बघते आहे हे आईने बघितलं. आणि मग मी परातीत काढलेल्या कणकेतली एक वाटी पुन्हा डब्यात ओतली.

एवढंच झालं. संध्याकाळी चंद्र उगवलाय का हे बघायलाही ती गॅलरीत गेली नाही. कपभर ताक पिऊन आडवी झाली. मी भांडी घासत होते. एक वाटी कणीक म्हणजे गंधालीच्या सकाळच्या डब्याची सोय, हा विचार माझ्या डोक्यात आला, आणि मला बरं वाटलं. तू हे वाचून माझ्याबद्दल जे म्हणशील ते मी आधीच म्हणून झाले आहे, आणि माझी जीभ तुझ्यापेक्षा तिखट आहे.

दुसऱ्या दिवशी जेवताना गंधाली सहज म्हणाली, "आजीची संकष्टी असली की मला पोळी जास्त मिळते ना."

"म्हणून तर करते," आई म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. तुझे भाऊजीही हसले. ते हसले की मला कळतं, त्यांनाही माहीत आहे.

त्यानंतर पौर्णिमेला खाली सोसायटीत तुळशीचं लग्न होतं. आई मंगलाष्टकं म्हणत होती. म्हणता म्हणता खाली बसली. म्हणजे आम्हाला वाटलं बसली. अक्षता टाकून झाल्यावर कळलं की ती पडली आहे. खुर्चीत घालून वर आणली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वजन केलं तर मार्चपेक्षा आठ किलो कमी भरलं. डॉक्टरीण तरुण आहे, गंधालीपेक्षा चारसहा वर्षांनी मोठी वाटते. तिने मला विचारलं, "आजी नीट जेवतात का?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "भरपूर जेवते हो. माझी लेक सुगरण आहे."

मी तिथेच उभी होते. माझं तोंड तुला माहीत आहे, पोस्टमनपासून पोलिसापर्यंत कोणासमोर अडलेलं नाही. तिथे मी हसले आणि म्हटलं, "तिचे उपास फार असतात." डॉक्टरीण म्हणाली, "श्रद्धेचा प्रश्न आहे, मी काय बोलणार? पण या वयात थोडे कमी करा." टॉनिक लिहून दिलं. देवाचं नाव आलं की सगळेच एक पाऊल मागे सरकतात. आईने ते हेरूनच निवडलं असणार.

संध्याकाळी वसुधा मोसंबी घेऊन आली. आईच्या पाया पडली. म्हणाली, "तुमच्या आई म्हणजे तपस्विनी आहेत हो. यांच्यामुळे मीसुद्धा गुरुवार धरले." तिच्या गुरुवारी साबुदाणेवडे आणि नारळाची चटणी असते, फोटो ग्रुपवर येतात. आई म्हणाली, "बस ना, चहा घे." आणि मला स्वयंपाकघरात येऊन हळूच, "माझ्यातला दे तिला, मला आज नको आहे."

परवा मी ठरवलं, बस झालं. ताट वाढलं. दोन पोळ्या, भात, आमटी, जरा बरी भाजी. तिच्यापुढे ठेवलं आणि समोर बसले.

"आई, आज कुठलाही वार नाही. जेव."

"तू घेतलंस?"

"मी नंतर घेते."

"मग मीही नंतर."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुला कोणी सांगितलंय का? आरशात बघ जरा. गळ्याची हाडं वर आलीयेत. तुझे कुठले उपास चाललेत?"

मग मी माझं ताट वाढून घेतलं, आणि ती माझ्या ताटाकडे बघत राहिली, मी तिच्या. भाताची वाफ निघून गेली. गंधाली क्लासहून आली, "कोणाला नकोय का हे?" म्हणाली आणि उभ्याउभ्या दोन्ही आमट्या संपवल्या. आईने तिला पाणी दिलं. हे असं आहे, विद्या. मी तिला रागावू शकत नाही, कारण मीही तेच करते. ती मला थांबवू शकत नाही, कारण तिने थांबवलं तर तिला जेवावं लागेल. एकमेकींना कोंडून आम्ही दोघी अगदी गोड बोलतो.

आता तू विचारशील, मग मला आधी का नाही सांगितलंस. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तू म्हणालास, आई तुझ्याकडे राहणार तर मी दर महिन्याला काही पाठवत जाईन. सगळे काका बसले होते. मी म्हटलं, "आईला जेवायला घालायला मला तुझी गरज नाही." तू शहाण्यासारखं ऐकलंस, तेही आयुष्यात पहिल्यांदा. त्यानंतर प्रत्येक फोनवर तू विचारतोस, ताई, काही लागतं का, आणि मी म्हणते, काही नाही. फोन स्पीकरवर असतो. आई शेजारी बसून ऐकते. माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती जेवत नाही. माझ्या एका मस्तीच्या वाक्याची किंमत ती स्वतःच्या ताटातून काढून देते आहे आणि मी ती घेते आहे.

मला जमत नाहीये. हे तीन शब्द लिहायला मला आठवडा लागला, तेव्हा नीट वाच.

पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर ती विचारेल कुठून आले, मी खोटं बोलेन, आणि ती आणखी एक वार शोधेल. पुढच्या रविवारी स्वतः ये आणि तिला पुण्याला घेऊन जा. संक्रांतीपर्यंत तरी ठेव. आराम करायला चल म्हणू नकोस, येणार नाही. म्हण, अनुपमाला ऑफिसातून उशीर होतो, घरात स्वयंपाकाचं बघायला कोणीतरी हवं. कामाला नेतोस म्हटलं तर ती पिशवी भरेल. जेवायला नेतोस म्हटलं तर त्याच दिवशी तिला एकादशी लागेल.

घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी तिच्या ताब्यात स्वयंपाकघर दे. डबे तिला स्वतः उघडू देत. भरलेले दिसले तरच ती बसेल. आणि ती जेवताना तू समोर बसून जेव, पोटभर, अगदी अधाशासारखा. बोंबील मिळाले तर आण. ती नको म्हणेल. तळ, आणि दोन झाकून ठेव.

ती नसली की इथे मी दुपारी एकटी असेन. तेव्हा मी जेवेन, हे तुला लिहून देते.

आत्ता ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "इतकं काय लिहितेस, आणि कोणाला?"

"विद्याला," म्हटलं.

चौकटीला धरून उभी होती. हल्ली धरून उभी राहते. मग म्हणाली, "लिही, आई मजेत आहे."

आई मजेत आहे. हे तिच्या सांगण्यावरून लिहिलं. बाकीचं सगळं माझं आहे, आणि खरं आहे.

तुझी वाट बघणारी,
ताई