उजव्या हाताची घाई

४ तारीख

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार रीतीने केला. पुढचं सगळं रागाने लिहीत आहे.

वहिनीचं पत्र काल मिळालं. दंडाच्या हाडात प्लेट आणि सहा स्क्रू घालून तीन आठवडेही झाले नाहीत, आणि तू दुकानातली लोखंडी इस्त्री उजव्या हाताने खाली-वर करतोस. वहिनीने हटकलं तर म्हणालास, व्यायाम चाललाय. व्यायामाच्या बाईंनी दिलेल्या कागदाची नक्कल माझ्याकडे आहे. मूठ उघडायची, मिटायची. मनगट फिरवायचं. डाव्या हाताचा आधार देऊन कोपर वाकवायचं. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची आणि दुखलं की थांबायचं. वजन डॉक्टर सांगतील तेव्हाच. इस्त्री हा शब्द त्यात नाही, मी दोनदा पाहिलं.

तू मात्र भिंतीवर खडूने खुणा करून रोज अर्धा इंच वर चढतोस, दुखो की न दुखो. हाड म्हणजे काय पँटची उंची आहे? गिऱ्हाइकाच्या शिवणीत दोन इंच माया सोडतोस, स्वतःला सूतभरही नाही. आणि दंड सुजलेला दिसू नये म्हणून शर्टाची बाही उसवून सैल केलीस. असली चोरी शिंप्यालाच सुचावी. उद्याच दवाखान्यात जा.

लोभ आहे, पण आज मागू नकोस.
तुझा धाकटा


९ तारीख

चि. काटकोनास,
अनेक आशीर्वाद. जरासुद्धा वाकत नाहीस, म्हणून तुला हेच नाव. डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

दवाखान्यात गेलो. एक स्क्रू सरकलाय. डॉक्टरांनी तुझ्या वहिनीसमोर माझी बिनपाण्याने केली. हात झोळीत, फक्त मूठ आणि मनगट हलवायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो. आणखी सरकला असेल तर पुन्हा चिरणार, आणि मग हा हात कात्री धरेल की नाही, ते सांगत नाहीत.

आता माझाही राग ऐक. आठवीत शाळा सोडून तू माझ्या दुकानात काजं करत बसलास. आत्ता कुठे कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी उभा राहिलास. आणि ऑपरेशन झालं त्याच दिवशी मला लिहिलंस, महिन्यात हात चालला नाही तर नोकरी सोडून दुकान सांभाळायला येतो. महिना पंधरा तारखेला भरतो. मी इस्त्री काय हौसेने उचलली? येऊ नकोस.

तुझा दादा


१३ तारीख

ती. दादास,
नमस्कार. तीन कागद फाडून हा चौथा.

महिन्याची मुदत मी घातली. तुझ्या हाडाला कुणी विचारलं नव्हतं. त्याचा राग माझा मला पुरेल. पण तूही ‘येऊ नकोस’ हे आधी तोंडाने न सांगता स्क्रू सरकवून सांगितलंस, हे मी विसरणार नाही.

म्हणून आता स्पष्ट लिहितो, वहिनीला मोठ्याने वाचायला सांग. स्क्रू कुठेही जावो, तुझा हात खांद्याच्या वर जावो न जावो, मी दुकानात परत येणार नाही. नोकरी सोडत नाही, असं कारखान्यातही आज सांगून टाकलं. भाऊ दगडाचा निघाला, असं गल्लीभर सांग हवं तर. पण पंधरा तारखेला आता काही नाही, आणि सोळालाही नाही.

सुट्टीच्या दिवशी येईन, ते फक्त तुझी मूठ मोजायला. दहा वेळा, सावकाश.

लोभ ठेवायचा की नाही, ते डाव्या हाताने कळव. कितीही दिवस लागू देत.
तुझा काटकोन