डाइक-बॉक्समधल्या अटारीवाल्यांचा बंदोबस्त

३ ऑक्टोबर १९९३, रविवार
आजपासून ही वही. कारण फोल्कर्ट. त्याचं सायकलचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या खोलीत तो डाइक-बॉक्स (नाव डाइकवरून, म्हणजे आमच्या समुद्राच्या बांधावरून) चालवतो. म्हणजे एक कॉम्प्युटर आणि एक टेलिफोन. आपण आपल्या कॉम्प्युटरवरून तिथं फोन लावायचा, इतरांच्या पत्रांचा गठ्ठा उचलायचा, आपली पत्रं टाकायची. आमच्या किनाऱ्यावरची, एम्डेनपासून नॉर्डेनपर्यंतची माणसं आहेत त्यात. तर हा फोल्कर्ट म्हणतो, "आजी, तुम्ही फार तापून लिहिता. राग आधी कुठं तरी उतरवा, मग पत्राला बसा."
ठीक. राग वहीत, पत्रात फक्त मुद्दे. निश्चय झाला.
मी मुळात तापट नाहीच. माझा नवरा ओक्को म्हणायचा तापट, चव्वेचाळीस वर्षं म्हणत राहिला बिचारा. पण त्याची हयात फेरीबोटीवर गेली, त्याला सगळंच हलताना दिसायचं.

४ ऑक्टोबर
मुद्दे काढले. एक, अमिगा हा जगातला सगळ्यात चांगला कॉम्प्युटर. दोन, अटारीवाले, म्हणजे ते दुसऱ्या कंपनीचा कॉम्प्युटर वापरणारे, गाढव. दोनच निघाले, पण भक्कम आहेत.
माझं यंत्र नात विब्केनं मे महिन्यात आणून दिलं. मी बजावलं होतं, आणायचा तर अमिगाच, बेकरीच्या रांगेत सगळे तेच म्हणतात. पोरीनं पेपरातल्या जाहिराती बघून दोन घरांतून जुनं सामान गोळा केलं. जोडताना म्हणाली, "आजी, स्क्रीन अमिगाचा मिळाला गं, पण खालची पेटी आहे ना, ती—" तेवढ्यात वाटाण्याचं सूप उतू गेलं. विषय राहून गेला. स्क्रीनवर ठळक अक्षरात अमिगा लिहिलंय, मला वाचता येतं. शाळा सहाच वर्षं झाली, त्यातली अर्धी बटाटे काढण्यात गेली, तरी येतं.
पेटीवर त्याच दिवशी क्रोशाचं झाकण घातलं, कळांपुरती खिडकी ठेवून. टोस्टरला आहे, टेलिफोनला आहे, मग यालाच का उघडं ठेवायचं?

१९ ऑक्टोबर
संताप! संताप! मेन्नो बुसला कुणी तरी आवरा. मेन्नो म्हणजे आमच्या चर्चचा ऑर्गनवाला, अटारीवाल्यांचा म्होरक्या. माणूस सभ्य, बोटं देवाची, पण डोक्यात अटारी. त्यानं मैदानात (डाइक-बॉक्समध्ये अमिगाची खोली वेगळी, अटारीची वेगळी आणि भांडायला मैदान) लिहिलं की, अटारी विचार करत असला की स्क्रीनवर मधमाशी दिसते, अमिगावर नुसतं घड्याळ.
खोटं बोलावं ते किती! मी माझ्या डोळ्यांनी रोज मधमाशी बघते. यंत्र अडखळलं की ती येते, गोड आहे अगदी. आमच्या खोलीतल्या काहींकडे घड्याळ आहे म्हणे. त्यांची मॉडेलं जुनी असतील. लिहून टाकलं, "मधमाशी आमची! तुम्ही चोरलीत! चर्चमध्ये कोणत्या तोंडानं वाजवता?"
मुद्देच होते. आवाज थोडा चढला असेल.

२१ ऑक्टोबर
मग मेन्नोचं उत्तर आलं, एका ओळीचं. "गेशेबाई, कृपा करून तुमच्या पत्राची शेवटची ओळ एकदा वाचा."
झोंबली! माझी शेवटची ओळ ठरलेली आहे, "अमिगा चिरायू होवो, अटारी खाडीत जावो." पाठ आहे, वाचायची काय गरज? तसंही आपलं पत्र गठ्ठ्यात आपल्याकडे परत येत नाही, फक्त दुसऱ्यांची येतात. ही सोय मला पसंत आहे. स्वतःचंच वाचायचं असतं तर आरशासमोर नसते बसले?
चहा घेतला. आमच्या रिवाजाचे तिन्ही कप. गरम चहात खडीसाखर तडकून विरघळली तशी मीही जरा निवले.

३० ऑक्टोबर
पेटीवरचा दिवा विझायच्या आत फ्लॉपी ओढून काढली, चूक माझीच. स्क्रीनवर ओळीनं बॉम्ब उगवले, काळे, वाती पेटलेले. आमच्या खोलीत विचारलं तर हाजो लिहितो, "अमिगावर बॉम्ब नसतात आजी, लाल चौकट लुकलुकते. हा हा हा." हा हाजो करखात्यात कारकून आहे. पस्तिशीचा, अजून आईच्या हातचं खातो. हा हा हा म्हणे. मला काय शिकवतो? माझे बॉम्ब मी मोजलेत, चार होते.

११ नोव्हेंबर
काल सणाचे कंदील घेऊन पोरं दारात गाणी म्हणून खाऊ मागायला आली. मी नेमकी मेन्नोला उत्तर देत होते, उठायला वेळ नव्हता, बिस्किटांचा अख्खा डबाच हातात दिला आणि दार लावलं. आता चहाला बिस्किटं नाहीत. याचंही खापर अटारीवाल्यांवर.
आज सकाळपासून पाच पत्रं लिहिली. हात दुखतोय, एका बोटानं मारते मी. पण अंगात काय तरतरी आलीय! ओक्को गेल्यापासून इतकी भूक लागली नव्हती. दोन वर्षं भिंतीशी बोलत होते. आता चाळीस माणसं माझं पत्र आलं का म्हणून वाट बघतात. फोल्कर्ट स्वतः म्हणाला, "आजी, तुमची पत्रं लोक छापून घेतात." असं आहे. मुद्द्यांना मोल असतं.

२ डिसेंबर
हाजोनं घात केला. आमच्या खोलीतल्या सगळ्यांना त्यानं नाताळची फ्लॉपी टपालानं पाठवली, बर्फाचं चित्र आणि गाणं. माझी घातली तर आत काही नाही. यंत्र म्हणतं, ही फ्लॉपी मला वाचता येत नाही. कोरी पाठवली मेल्यानं! मला, एकाहत्तर वर्षांच्या विधवेला, सणासुदीला!
मैदानात झाडून काढला. तो म्हणतो, "बाकी एकोणीस जणांकडे चालली, आजी. तुमच्याकडे का नाही, ते तुम्हाला ठाऊक आहेच, नाही का?" आणि पुढं टिंबं-कंसांचं, दात काढून हसणारं तोंड.
ठाऊक आहेच. तू लबाड आहेस म्हणून.
शिवाय नॉर्डेनची एक बाई खासगीत कळवते, हाजोच्या घरी कपाटात एक अटारी आहे, भावाचा. आत्ता कळलं! घरात फितूर आणि मी बाहेर तोफा डागतेय.

९ जानेवारी १९९४
फेब्रुवारीत डाइक-बॉक्सची केलची, म्हणजे त्या हिवाळी पालेभाजीची, सहल. दर हिवाळ्यासारखी. डाइकच्या रस्त्यानं लाकडी गोळे लांब घरंगळवत जायचं, अमिगा विरुद्ध अटारी, मग खानावळीत केलची भाजी आणि पिंकेल सॉसेज. यंदा जेवणानंतर आमच्या खोलीचा कारभारी निवडायचा. खोलीत कुणी काय लिहावं, कुणाला बाहेर काढावं, हे तो ठरवणार. उभे दोघं, हाजो आणि मी.
मला हे हवंय. इथं लिहायला काय हरकत? आयुष्यात मला कुणी कशाला निवडलं नाही. ओक्कोनंसुद्धा आधी माझ्या बहिणीला विचारलं होतं.
म्हणून नियम मांडला. प्रत्येकानं आपलं यंत्र घेऊन यायचं, टेबलावर ठेवायचं, उघडं. ज्याच्या पेटीवर अमिगा नाही त्याला मत नाही. सवलत कुणालाही नाही. बघू या हाजो कपाटातून काय काढतो.
नियम मंजूर. सगळ्यांनी हसरी तोंडं पाठवली. माझ्या बाजूनं वारं आहे.

१२ जानेवारी
फोल्कर्ट घरी आला, माझ्या सायकलच्या साखळीला तेल घालायला म्हणून. हिवाळ्यात मी सायकल काढत नाही हे त्याला माहीत आहे. तीन कप चहा प्यायला, तरी उठेना. मग म्हणाला, "आजी, तो नियम तेवढा मागे घ्या."
"का? हाजोनं पाठवलं तुला?"
"नाही हो. कुणीच नाही पाठवलं. तुमच्यासाठी म्हणतोय."
बोलता बोलता झाकणाचा कोपरा उचलायला लागला. हातावर फटका दिला. म्हटलं, "सायकलच्या तेलाचे हात माझ्या क्रोशाला? पांढरा दोरा आहे तो!" गोरामोरा झाला. दारात म्हणाला, "मग मी काही बोललो नाही असं समजा." समजले. हाजोला घाबरतात सगळे.

६ फेब्रुवारी
विब्केचा फोन, कील शहरातून. तिला सहलीचं सांगितलं. "आजी, तू यंत्र घेऊन जाणार? तिथं? अगं पण ती पेटी..." म्हटलं, पेटीची काळजी करू नकोस, फोल्कर्ट गाडीनं नेतोय, उशीत गुंडाळून. "आजी, ऐक ना माझं जरा!" आजकालच्या पोरींना धीर नाही. मला भाषण लिहायचं होतं, फोन ठेवला.
भाषण: "मित्रहो, फितुरांना थारा नाही." पुढचं उद्या.

१९ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ८
भाषण त्या एका ओळीवरच राहिलं, पण ओळ चांगली आहे. झाकण धुऊन, स्टार्च करून इस्त्री केलंय. निळा स्वेटर. तिथं गेल्यावर मी स्वतःच्या हातानं झाकण उचलीन, सावकाश, म्हणजे हाजोला घाम फुटेल.

२० फेब्रुवारी, रविवार
लिहिते. क्रमानं लिहिते.
गोळ्यांमध्ये आम्ही जिंकलो. माझा एक गोळा वळणावरून सरळ गेला, टाळ्या पडल्या. मेन्नोचा खड्ड्यात. तो म्हणाला, "गेशेबाई, तुमच्या हातात अजून गलबत ओढायचं बळ आहे." मी पाठ फिरवली. शत्रू आहे तो.
जेवणानंतर यंत्रं टेबलावर. हाजोनं पेटी ठेवली. अमिगा. स्वच्छ पुसलेला. मला वाटलं, उसना आणला असेल. मग आलेल्यांची मतं. नऊ त्याला, नऊ मला, माझं स्वतःचं राहिलेलं. म्हणजे झालेच की! माझी पाळी. उभी राहिले, "मित्रहो, फितुरांना थारा नाही" म्हटलं आणि झाकण उचललं.
पेटीच्या कोपऱ्यात अटारी लिहिलंय.
मी दोनदा वाचलं. मला वाचता येतं.
टाळ्या! सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले, टेबलं बडवायला लागले, हसून हसून एकाच्या नाकातून बिअर आली. हाजो डोळे पुसत म्हणाला, "आजी, कमाल! शेवटपर्यंत निभावलंत! पाच महिने तोंडावरची रेघ हलली नाही!"
आणि मग बहुतेक माझं तोंड दिसलं त्यांना. एकेक जण बसला.
हाजो हळूच म्हणाला, "आजी... आम्हाला वाटलं, ही तुमची गंमत आहे. प्रत्येक पत्राखाली तुमचं यंत्र आपण होऊन ओळ लावतं ना, 'हे पत्र अटारीवर लिहिलं' अशी. वर एवढ्या शिव्या, आणि खाली ती ओळ. आम्ही तर पोट धरून हसायचो. या किनाऱ्यावर तुमच्यासारखं विनोदी कुणी लिहीत नाही."
फोल्कर्ट जमिनीकडे बघत होता.
हाजो म्हणाला, नियम जाऊ दे, मत द्या. बाकीचेही म्हणाले, जाऊ दे. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. सवलत कुणालाही नाही. नऊविरुद्ध नऊ, मग चिठ्ठी टाकली. चिठ्ठी हाजोची निघाली.
झाकण घडी करून पर्समध्ये घातलं. घरी आले.

२१ फेब्रुवारी
फोन लावला नाही. विब्केचा आला. "आजी, मी सांगत होते ना—" म्हटलं, होय गं, सूप उतू गेलं होतं.

२३ फेब्रुवारी
विचार केला. यात दोष कुणाचा? अमिगावाल्यांचा! पाच महिने एका बाईला हसले. फितूर, दगाबाज, दात काढणारे. मधमाशी पहिल्यापासून अटारीचीच होती, बॉम्बही आमचेच, हाजोची फ्लॉपीही कोरी नव्हती, नुसती अमिगाची होती. मी चुकीच्या बाजूनं लढत होते, एवढंच. लढण्यात काही कमी नव्हतं. आता अटारीच्या खोलीतून असा समाचार घेते एकेकाचा. सुरुवात हाजोपासून. अंगात पुन्हा तरतरी आली. बेकरीतून बिस्किटं आणली.

२४ फेब्रुवारी, दुपार
अटारीच्या खोलीत पहिलं पत्र टाकलं. साडेतीन पानांचं, मुद्द्यांचं.
तासाभरात मेन्नोचं उत्तर. "गेशेबाई, तुम्ही आलात, आनंद झाला. ऑक्टोबरपासून तुमची खुर्ची ठेवली होती. पण एक सांगतो, रागावू नका. या खोलीत आम्ही भांडत नाही. भांडायला मैदानात जातो, तेही तुमच्यामुळेच जात होतो. अटारी आम्ही संगीतासाठी घेतलेत, इथं आम्ही सुरांबद्दल बोलतो."
खोलीतली जुनी पत्रं उघडून बघितली. खरंच. पानंच्या पानं, सूर कसे लावावेत, ऑर्गनच्या नळीत धूळ बसली तर काय करावं. कुणी कुणाला गाढव म्हटलेलं नाही. एकदासुद्धा.
विचारलं, मग मी काय लिहू?
मेन्नो म्हणतो, "तुम्हाला जे येतं ते. ते क्रोशाचं झाकण सुरेख होतं."

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
तीन तास बसले. चहा गार झाला. शेवटी लिहिलं, "कळांच्या खिडकीसाठी मधले बावन्न टाके सोडावेत."
आणखी काही सुचेना. चिरायू होवो, खाडीत जावो, दोन्ही खोडलं.
पाठवलं. खालची ओळ यंत्रानं लावली असेल.