जहाजाची भिंत

इस्ना, ५ ऑगस्ट २००८

चि. हाझिम यास आजीचे अ. आ. वि. वि.

इकडे खुशाली आहे. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि तो हो नाईलबरोबर वाहून जातो, म्हणून शेजारच्या गिरगिस मास्तरांना बसवून हे लिहवून घेते आहे. कागदावरचा हो त्यांना पुन्हा वाचून दाखवता येतो. मजुरी एक बदक ठरली आहे.

विचारायचं एकच. यंदा मला हजला पाठवतोस का? तुझे आजोबा जाऊन आले तेव्हा म्हणाले होते, पुढच्या खेपेला तुला नेतो. मग भलत्याच खेपेला एकटे निघून गेले. माझे गुडघे अजून ऐकतात. पुढच्या वर्षी ऐकतील याची मी हमी देत नाही.

तुझी आई सांगते, तू मोटारीच्या किमतीचं चित्र आणलंस. सगळं निळं आणि कोपऱ्यात एक ओरखडा. मोलकरीण तो पुसायला गेली तर तुला चक्कर आली. अरे, ओरखडे विकत घेतात हे आधी सांगायचंस, आमच्या मांजरीला कामाला लावलं असतं. (यापुढचं वाक्य मी गाळलं आहे. — गिरगिस)

लोभ आहेच. त्याला पाय फुटून तो मक्केपर्यंत जावा.

तुझी आजी,
बदरिया

कैरो, २० ऑगस्ट २००८

ती. आजीस हाझिमचा सा. सलाम वि. वि.

तो ओरखडा नव्हे, आजी, क्षितिज आहे. मादाम नाहेद यांनी मला ते नीट समजावलं आहे. त्या माझ्या संग्रहाच्या सल्लागार. काय घ्यायचं, कुठे टांगायचं, त्याखाली कोणता सोफा चालेल, हे सगळं त्या बघतात. मी नुसता चेक फाडतो असं आई म्हणते, पण एकदा मीही एक चित्र सुचवलं होतं. मादामनी ते फार हळुवारपणे नाकारलं.

वसंतात इथे खाजगी संग्रहांचं मोठं प्रदर्शन भरतंय. त्यात माझा संग्रह लागला, तर लोक मला सिमेंटवाला हाझिम म्हणायचे थांबतील. पण मादाम म्हणतात, संग्रहाला अजून कणा नाही. कणा मिळेपर्यंत हात आखडता घ्यायला हवा, म्हणून हज पुढच्या वर्षी, इन्शाल्ला.

आता गंमत ऐक. ईदला काढलेला तुझा फोटो मादामनी पाहिला. म्हणजे तुला नाही, तुझ्या मागच्या भिंतीला. आजोबा हजला गेले तेव्हा उबैद रंगाऱ्याने काढलेलं ते जहाज, उंट, काबा. मादाम सोफ्याचा विषय अर्धा सोडून उठल्या, आणि हे फार क्वचित घडतं. हाच कणा, म्हणाल्या. जहाजावरची ती काजळी म्हणजे काळाने केलेली सही! भिंत अख्खी कापून इथे आणायची. तुला नवी कोरी भिंत, वर चकचकीत फरशी लावून देतो.

माया अशीच ठेव, आणि भिंतीजवळ भाकऱ्या भाजू नकोस.

तुझा,
हाझिम

इस्ना, २ सप्टेंबर २००८

चि. हाझिम यास अ. आ. वि. वि.

ती सही काळाने केलेली नाही. माझ्या भट्टीने केली आहे, तुझ्या बापाला जेवू घालताना.

त्या जहाजात तुझे आजोबा बोटीच्या धुराड्याएवढे उंच आणि एकटेच उभे आहेत. मी उबैदला म्हटलं होतं, मेल्या, एवढ्या मोठ्या बोटीत मला एक कोपरा दे. तो म्हणाला, जो गेला तोच रंगतो, तशी रीत आहे. तेव्हापासून मी रोज दारात बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझा नवरा दाखवते. भिंत नेलीस, तर लोक म्हणतील बदरियाने म्हाताऱ्याचा हज विकला. मी दारात बसलेली असताना तिथे छिन्नी लागणार नाही. फरशी तुझ्या मादामच्या सोफ्याखाली लाव.

राग नाही. असता तर मास्तरांना अजून एक बदक द्यावं लागलं असतं.

बदरिया

कैरो, ६ ऑक्टोबर २००८

ती. आजीस हाझिमचा सा. सलाम वि. वि.

तोंड गोड कर! तुझं हजचं नक्की झालं. इस्नातल्या बायकांच्या गटाबरोबर विमानाने जायचं. माझंच चुकलं होतं. आईने चित्रांपुढे उभं राहून मला बरंच सुनावलं, आणि मादामनीही तुला पाठवायचा फार आग्रह धरला. त्या बोलल्या की वयस्कर माणसाने असं दूर, निवांत, भरपूर दिवस राहून यावं.

तू नसताना घराची थोडी डागडुजी करून घेतो. काळजी करू नकोस. किल्ली मास्तरांकडे ठेव.

आशीर्वादाची वाट पाहणारा,
हाझिम

इस्ना, १९ ऑक्टोबर २००८

चि. हाझिम यास अ. आ. वि. वि.

तुझ्या मायेला एकदम पूर आला तो पाहून डोळे भरले. डोळ्यांत मोतीबिंदू आहे रे, डोक्यात नाही. मी दारात नसेन हे बरोबर हेरलंस.

कर डागडुजी. माझ्याच्याने काही मक्केहून धावत येववणार नाही. फक्त, मी निघाल्यावर गाव आपल्या रीतीने जे करायचं ते करेल, त्यात आडवा येऊ नकोस. रीत तुला ठाऊक असेलच. नसली तर मादामना विचार, त्यांना सगळं येतं.

तुझ्यासाठीही दुआ मागेन. तुला गरज आहे.

बदरिया

कैरो, १० डिसेंबर २००८

गिरगिस मास्तर यांस हाझिमचा स. न. वि. वि.

काल मी तुमच्यावर ओरडलो, त्याची माफी मागतो. पण माझ्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मालट्रक, दगड कापणारे कारागीर, लाकडी खोका आणि पांढऱ्या बुटांतल्या मादाम घेऊन मी एवढा लांब येतो, आणि समोर अख्खी भिंत चुन्याने पांढरीफेक! उबैद शिडीवर विमानाचं शेपूट रंगवतोय आणि तुमच्या सदऱ्यावर चुना. कोणी हजला गेलं की परतायच्या आत घर सफेद करून त्याचाच प्रवास वर काढतात, जुना पुसून, हे तुम्ही मला शांतपणे समजावलंत. आधी समजावलं असतंत तर? तुम्ही म्हणालात, कोणी विचारलंच नाही.

मादाम पायरीवर बसल्या त्या उठेचनात. बायकांना वाटलं, हजला गेलेल्या हाज्जाच्या नात्यातली कुणी आनंदाने भारावली आहे. त्यांनी मादामना करकदेच्या फुलांचं सरबत पाजलं आणि कानाशी जिभा हलवत आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या.

आजोबांचं जहाज गेलं, मास्तर. माझं प्रदर्शनही गेलं. आजीला काय सांगू?

आपला,
हाझिम

इस्ना, ७ जानेवारी २००९

चि. हाझिम यास हाज्जा बदरियाचे अ. आ. वि. वि.

हो, हाज्जा. मास्तर, ते जरा मोठ्या अक्षरात काढा. (काढलं आहे. — गिरगिस)

मला काही सांगायची गरज नाही. गाढवावरून गल्लीत वळले आणि भिंत दिसली. विमान एवढं मोठं की उंटाला वाकावं लागलंय. पहिल्या खिडकीत मी, आणि शेजारच्या खिडकीत तुझे आजोबा. उबैद म्हणाला, जो गेला तोच रंगतो, आणि हाजी तर गेलेले आहेतच. एवढी वर्षं त्या बोटीत एकटेच उभे होते बिचारे, आता बसलेत. तेव्हा त्यांच्यासाठी रडू नकोस.

उबैद वाटेवर जे दिसतं ते सगळं काढतो. म्हणून खाली कोपऱ्यात एक मालट्रक आहे, रिकामा खोका आहे, पांढऱ्या बुटांची एक बाई आहे आणि डोक्याला हात लावलेला तू आहेस. प्रदर्शनात तुझा संग्रह लागणार नसेल, पण भिंतीवर तू लागलास.

तू लिहितोस, मादामनी पुऱ्या झालेल्या भिंतीचा फोटो पाहिला आणि हे पहिल्यापेक्षाही सरस, काहीही करून मिळवा असं त्यांचं म्हणणं आहे. माझी ना नाही. या घरात जुनं चित्र उतरायची वाट एकच, आणि ती आता तुला चांगली ठाऊक आहे. तुझी आई अजून हजला गेलेली नाही. तिने बॅग भरून ठेवली आहे, मीच सांगितलं.

चित्र तेव्हाही तुला मिळणार नाही. पण चुना कालवायला ये. मायेने ये, आणि जुना सदरा घालून ये.

तुझी आजी,
हाज्जा बदरिया